स्नेअर ड्रम, रेगे संगीतातील

वेस्ट इंडीजमधील जमेका बेटावर १९६०–७० या दशकाच्या अखेरीस उदयास आलेल्या रेगे या संगीतप्रकारात स्नेअर ड्रम हे अवनद्ध वाद्य विशिष्ट रीतीने जुळविले, वाजविले आणि ध्वनिमुद्रित केले जाते. त्यामुळे त्यास सहज ओळखू येणारा स्वतंत्र नादगुण लाभला आहे. उंच तारता, आघाताचा तीक्ष्ण व कोरडा आरंभ, अल्पकाळ टिकणारी आस आणि तारांच्या खरखरीचे कमी प्रमाण ही त्याची प्रमुख लक्षणे होत. रॉक संगीतातील स्नेअर ड्रमचा आघात भरदार व पसरट असतो आणि तो गाण्याची गती पुढे रेटतो; रेगेमधील आघात आटोपशीर असून तो भोवतालची मोकळी जागा ठळक करतो. हा नाद म्हणजे एखाद्या विशिष्ट बनावटीच्या ड्रमचा गुणधर्म नव्हे. पुडीवरील ताण, आघाताची जागा व पद्धती, ठोक्याचे तालातील स्थान आणि ध्वनिमुद्रणातील प्रक्रिया या चार घटकांच्या संयोगातून तो सिद्ध होतो. यांपैकी एकाच घटकाचे अनुकरण केल्यास मूळ नाद हाती लागत नाही.

वाद्याची रचना : स्नेअर ड्रम हे दोन तोंडांचे, उथळ व दंडगोलाकार वाद्य आहे. त्याचे खोड लाकडाच्या पातळ थरांचे अथवा पोलाद, पितळ, ॲल्युमिनियम यांसारख्या धातूचे असते. सर्वसामान्य व्यास ३५·६ सेंमी. व खोली १२·७ ते १६·५ सेंमी. असते. वरच्या तोंडावरील पुडीवर काठीने आघात करतात. खालची पुडी फारच पातळ असून तिला लागून मळसूत्राप्रमाणे पीळ दिलेल्या पोलादी तारांचा पट्टा बसविलेला असतो; त्यात बहुधा वीस तारा असतात. वरच्या पुडीवर आघात झाला की आतील हवेचा दाब खालच्या पुडीवर पडतो, ती तारांवर आपटते व वैशिष्ट्यपूर्ण खरखर उत्पन्न होते. बाजूच्या खटक्याने तारा पुडीपासून दूर करता येतात. तसे केल्यावर केवळ पुडी व खोड यांचाच आवाज उरतो आणि वाद्य क्यूबातील टिंबाले या ड्रमजोडीसारखे ऐकू येते.

प्रत्येक पुडी धातूच्या कड्याने खोडावर आवळलेली असते. कड्यावरील आठ किंवा दहा स्क्रू चावीने फिरवून ताण कमीजास्त करतात. म्हणजे तबल्याच्या वाद्या व गठ्ठे यांचे कार्य येथे स्क्रू करतात. पूर्वी पुड्या वासराच्या कातड्याच्या असत. हवेतील दमटपणाने कातडे सैल पडते व तारता उतरते. १९५०–६० या दशकाच्या उत्तरार्धात पॉलिएस्टरच्या पुड्या प्रचारात आल्या. त्यांच्यावर दमट हवेचा परिणाम नगण्य असल्याने अधिक ताण देणे व तो टिकविणे सुलभ झाले. वरच्या एकपदरी पुडीची जाडी सु. ०·२५ मिमी. व खालच्या पुडीची सु. ०·०७५ मिमी. असते.

ध्वनिशास्त्रीय विवेचन : ताणलेल्या वर्तुळाकार पडद्याची मूळ कंप्रता ताणाच्या वर्गमूळाच्या सम प्रमाणात, तर व्यासाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. त्यामुळे तारता षड्जापासून पंचमापर्यंत चढवावयाची असेल, तर ताण २·२५ पट करावा लागतो. संपूर्ण सप्तक चढवावयाचे झाल्यास तो चौपट व्हावा लागतो. रेगेचा वादक पुडी जवळजवळ ताठ होईपर्यंत आवळतो, ती याच कारणाने.

आदर्श पडद्याच्या कंपनप्रकारांच्या कंप्रतांचे गुणोत्तर १ : १·५९ : २·१४ : २·३० असे अपूर्णांकी असते. त्यामुळे अशा वाद्यातून निश्चित स्वर उमटत नाही. तबला व मृदंग यांच्या पुडीवरील शाईमुळे ही गुणोत्तरे पूर्णांकांजवळ येतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिले. स्नेअर ड्रमला शाई नसते. शिवाय दोन्ही पुड्या आतील हवेच्या द्वारे एकमेकींशी निगडित असल्याने कंपने अधिकच गुंतागुंतीची होतात. परिणामी या वाद्यातून स्वराऐवजी कमीअधिक उंचीचा कडकडाट ऐकू येतो. महाराष्ट्रातील ताशाचा आवाज ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना अतिताणाने पुडीच्या नादात होणारा फरक सहज ध्यानात येईल.

आघाताची जागाही तितकीच महत्त्वाची ठरते. पुडीच्या मध्यावर आघात केल्यास केंद्राभोवती सममित असलेलीच कंपने उद्भवतात व आवाज कोरडा, बसका येतो. कडेच्या जवळ आघात केल्यास इतर कंपनप्रकारही जागृत होतात व आवाजात धातूसारखी किणकिण मिसळते. रेगेचा वादक या दोन्ही जागांचा प्रसंगानुरूप उपयोग करतो.

उंच तारतेमागे आणखी एक कारण आहे. रेगेमध्ये बास गिटार हे केवळ साथीचे वाद्य नसून ते गीताची मुख्य चाल वाहून नेते. चार तारांच्या बास गिटारच्या सर्वांत खर्जाच्या खुल्या तारेची कंप्रता सु. ४१ हर्ट्झ असते आणि तिच्या स्वरांचा भरीवपणा २०० हर्ट्झच्या आसपासपर्यंत पसरतो. मध्यम ताणावर जुळविलेल्या स्नेअर ड्रमची मूळ कंप्रताही याच सुमारास येते. ती वर चढविल्याने दोन्ही वाद्ये एकमेकांच्या मार्गातून दूर होतात. मोठ्या आवाजातील बास गिटारमुळे स्नेअर ड्रमच्या तारा आघाताविनाच थरथरू लागतात, हा दोष वादकांना परिचित आहे. तारा आवळून बसविणे अथवा खटक्याने त्या सोडवून ठेवणे हा त्यावरील उपाय; आणि तोच पुढे रेगेच्या नादाचा विशेष बनला.

पूर्वपीठिका : जमेकात गुलामगिरीच्या काळापासून आफ्रिकन वंशाच्या लोकांत अनेक ढोलपरंपरा टिकून राहिल्या. त्यांपैकी बरू या परंपरेतील तीन ढोल रास्ताफारी पंथीयांनी आपल्या उपासनेत स्वीकारले. यांतील मोठा बास ढोल खर्जाचा ठोका देतो, फंडे नावाचा मधला ढोल हृदयाच्या स्पंदनासारखी एकसारखी जोडलय चालू ठेवतो आणि रिपीटर किंवा केटे हा लहान, उंच तारतेचा ढोल त्या दोहोंवर मुक्तपणे बोलतो. काउंट ऑसी (१९२६–७६) या वादकाने किंग्स्टनच्या पूर्व भागातील आपल्या वस्तीत ही परंपरा जोपासली. तेथे शहरातील अनेक व्यावसायिक वादकांची ये-जा असे. १९६० च्या सुमारास फोक्स ब्रदर्स यांच्या ‘ओ कॅरोलिना’ या गीताच्या ध्वनिमुद्रणात त्याच्या ढोलपथकाने साथ केली आणि हे ढोल लोकप्रिय संगीतात प्रथमच ठळकपणे ऐकू आले.

लॉइड निब (१९३१–२०११) हा स्काटलाइट्स या १९६४ मध्ये स्थापन झालेल्या वाद्यवृंदाचा ड्रमवादक होता. जाझची तालीम आणि बरू ढोलांचा संस्कार यांचा मेळ त्याने पाश्चात्त्य ड्रमसंचावर घातला. स्का या द्रुत लयीच्या प्रकारात बास ड्रम व स्नेअर ड्रम यांचा एकत्रित आघात दुसऱ्या व चौथ्या मात्रांवर पडे. १९६६ ते ६८ या काळात रॉकस्टेडी या प्रकारात लय मंदावली, बास गिटारला प्राधान्य आले व दोन आघातांमधील अंतर वाढले. १९६८ पासून रूढ झालेल्या रेगेला हीच मोकळी चौकट मिळाली. रिपीटर ढोलाचे बोलके, उंच आवाजाचे काम या चौकटीत स्नेअर ड्रमकडे आले, असे म्हणता येते. तारा सोडवून वाजविलेल्या स्नेअर ड्रमचे त्या ढोलाशी असलेले साम्य त्यामुळे अर्थपूर्ण ठरते.

तालातील स्थान : रेगेमधील मूलभूत तालरचनेस ‘वन ड्रॉप’ म्हणतात. तिची मोजणी दोन प्रकारे केली जाते व त्यामुळे वर्णनांत घोटाळा होतो. द्रुत मोजणीत (मिनिटास सु. १४० ते १६० मात्रा) चार मात्रांच्या आवर्तनात गिटारचे तुटक झणत्कार दुसऱ्या व चौथ्या मात्रांवर येतात आणि बास ड्रम व स्नेअर ड्रम यांचा संयुक्त आघात तिसऱ्या मात्रेवर पडतो. लय निम्मी धरून मोजल्यास हाच आघात दुसऱ्या व चौथ्या मात्रांवर येतो. मोजणी कोणतीही असली, तरी आवर्तनाची पहिली मात्रा ड्रमच्या बाजूने रिकामी राहते. हिंदुस्थानी संगीतात समेला जे वजन असते, त्याच्या नेमके उलट हे तत्त्व होय. येथे सम वाजविली जात नाही. ती श्रोत्याने मनात धरावयाची असते. त्यामुळे तिसऱ्या मात्रेवरील एकमेव आघातावर सर्व भार येतो. तो लांबलचक किंवा गोंगाटी झाला, तर पुढील रिकामी जागा भरून जाते व तालाचा तोल ढळतो. रेगेच्या स्नेअर ड्रमचा आवाज आखूड का असावा लागतो, याचे उत्तर या रचनेत आहे.

१९७५ नंतर ‘रॉकर्स’ व ‘स्टेपर्स’ या रचना लोकप्रिय झाल्या. स्टेपर्समध्ये बास ड्रम चारही मात्रांवर वाजतो व स्नेअर ड्रमला मात्रांच्या अधेमधे बोलण्यास वाव मिळतो. ‘फ्लाइंग सिंबल’ या प्रकारात हाय-हॅट झांजा गिटारच्या झणत्कारांबरोबर उघडल्या जातात. स्नेअर ड्रमचा आघात त्या फुत्कारांच्या मध्ये कोरडा उमटतो.

वादनतंत्र : रेगेमध्ये स्नेअर ड्रमचे तीन आघात प्रमुख आहेत. पहिला क्रॉस-स्टिक. यात डाव्या हाताचा तळवा पुडीवर ठेवून काठी आडवी धरतात व तिचे एक टोक पुडीला टेकलेले ठेवून दुसऱ्या बाजूचा भाग कड्यावर आपटतात. काठी उलटी धरून जाड बाजू कड्यावर आणल्यास आवाज अधिक भरीव येतो. काठी पुढे-मागे सरकविल्यास एका ठराविक जागी आवाज एकदम खुलतो. ती जागा प्रत्येक ड्रमगणिक निराळी असल्याने कानाने शोधावी लागते व एकदा सापडल्यावर हात हलू द्यावयाचा नसतो. तळव्यामुळे पुडी दबलेली असल्याने या आघातात काठी, कडे व खोड यांचा लाकडी टकटकाटच मुख्यत्वे ऐकू येतो. वन ड्रॉपमधील तिसऱ्या मात्रेचा ठोका बहुतेक वेळा याच पद्धतीचा असतो.

दुसरा आघात रिम-शॉट. यात काठी पुडी व कडे या दोहोंवर एकाच क्षणी पडते. आवाज बंदुकीच्या बारासारखा निघतो. तो गीतातील कलाटणीच्या जागी योजिला जातो. तिसरा आघात उघड्या पुडीवरील साधा ठोका; त्याचा उपयोग प्रामुख्याने भरीच्या बोलांत होतो. रेगे गीताचा प्रारंभ पुष्कळदा अशाच एका लहान भरीने होतो. तबलावादक मुखडा वाजवून समेवर येतो, त्याप्रमाणे ही भरी सर्व वाद्यांना गीताच्या आरंभबिंदूवर आणून सोडते. मात्र भरी संपल्यावर येणाऱ्या पहिल्या मात्रेवर ड्रम पुष्कळदा मौन पाळतो. या भरीत उंच जुळविलेला स्नेअर ड्रम टिंबालेसारखा बोलतो आणि टॉम-टॉम ड्रम त्यास खालून उत्तर देतात.

जुळवणी : उंच आणि आखूड नाद मिळविण्यासाठी पुढील क्रम उपयुक्त ठरतो. प्रथम दोन्ही पुड्या काढून खोडाची कड सपाट आहे, याची खात्री करतात. नंतर खालची पुडी बसवून समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, थोडेथोडे फिरवून ती चांगली ताणतात. ती सैल राहिली, तर तारांचा प्रतिसाद आळशी होतो. वरची पुडी एकपदरी व किंचित खरखरीत लेप दिलेली असणे इष्ट. तीही त्याच क्रमाने आवळत नेतात. प्रत्येक स्क्रूजवळ, कडेपासून तीनचार सेंमी. आत, काठीच्या टोकाने हलकेच ठोकून सर्वत्र एकच स्वर येतो की नाही हे पाहतात. एक स्क्रू जरी सैल राहिला, तरी दोन जवळच्या कंप्रता एकमेकींशी झगडून आवाज डळमळतो. बोटाने दाबल्यास पुडी जेमतेम लवावी, इतका ताण पुरेसा होय. अनावश्यक जोर लावल्यास पुडीची कंपनेच खुंटतात, आवाज कोंदटतो व कडे वाकण्याचा धोका असतो.

यानंतर तारांचा पट्टा बसवितात. तारा मध्यम आवळून ठेवल्यास खरखर अल्प व तुटक येते. टिंबालेसारखा नाद हवा असल्यास त्या खटक्याने सोडवितात. खोल खोडापेक्षा उथळ खोडाचा आवाज लवकर उमटतो. मात्र नेहमीच्या १२·७ ते १६·५ सेंमी. खोलीच्या ड्रमवरही योग्य ताणाने इष्ट परिणाम साधतो. धातूचे खोड आवाजाला धार देते, तर लाकडी खोड क्रॉस-स्टिकला ऊब देते. शेवटची पायरी आस कमी करण्याची. पुडीच्या कडेला चिकटपट्टीने घडी घातलेला कापडाचा वा कागदाचा तुकडा लावणे, जुन्या पुडीतून कापलेले कडे वर ठेवणे किंवा जुन्या ड्रममध्ये आतून असलेली नमद्याची दाबणी वर आणणे हे त्याचे रूढ मार्ग होत. उंच ताण व आवश्यक तेवढीच दाबणी यांचे संतुलन साधणे हे या जुळवणीचे मर्म आहे. केवळ ताण दिल्यास ड्रम किणकिणतो आणि केवळ दाबणी दिल्यास तो पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा वाजतो.

ध्वनिमुद्रण : रेगेचा नाद किंग्स्टनमधील मोजक्या ध्वनिमुद्रणगृहांत घडला. क्लेमेंट डॉड (१९३२–२००४) याचे स्टुडिओ वन हे ब्रेंटफर्ड रस्त्यावरील ध्वनिमुद्रणगृह १९६३ मध्ये सुरू झाले. हूकिम बंधूंचे चॅनल वन हे मॅक्सफील्ड ॲव्हेन्यूवर १९७२ च्या सुमारास, तर ली पेरी (१९३६–२०२१) याचे ब्लॅक आर्क १९७३ मध्ये उभे राहिले. सुरुवातीच्या काळात साधने अपुरी होती. सर्व वादक एका खोलीत एकाच वेळी वाजवीत आणि ड्रमसंचासाठी थोडेच मायक्रोफोन उपलब्ध असत. स्नेअर ड्रमचा आवाज इतर वाद्यांच्या मायक्रोफोनमध्ये शिरू नये व त्यांचा आवाज स्नेअर ड्रमच्या मायक्रोफोनमध्ये येऊ नये, यासाठी आखूड आघात सोयीचा होता. खोलीच्या भिंती ध्वनिशोषक आच्छादनाने झाकल्याने नैसर्गिक अनुरणन नाहीसे होई; जे अनुरणन ऐकू येते, ते पुढे यंत्राने जोडलेले असते.

आज हा नाद मुद्रित करताना एक गतिक मायक्रोफोन पुडीच्या कडेवर, चारपाच सेंमी. उंचीवर, मध्याच्या दिशेने कललेला ठेवतात. क्रॉस-स्टिकसाठी तो आघातस्थानाजवळ आणतात. हाय-हॅटकडे मायक्रोफोनची पाठ ठेवल्यास झांजांचा आवाज कमी शिरतो. अतिशय चोख, सर्व कंप्रता सारख्याच टिपणाऱ्या ध्वनिमुद्रणापेक्षा ध्वनिफितीच्या किंचित संपृक्ततेने गोलसर झालेला आवाज मूळ नमुन्याच्या अधिक जवळ जातो.

डब आणि स्नेअर ड्रम : गायन वगळून व वाद्ये आळीपाळीने लुप्त करून मूळ ध्वनिमुद्रणाची नवी आवृत्ती तयार करण्याच्या कलेस डब म्हणतात. किंग टबी या नावाने प्रसिद्ध असलेला ऑस्बर्न रडक (१९४१–८९) हा तिचा प्रमुख शिल्पकार. तो विद्युत् उपकरणे दुरुस्त करणारा तंत्रज्ञ होता व किंग्स्टनच्या वॉटरहाउस वस्तीतील घरात त्याचे लहानसे ध्वनिमिश्रणगृह होते. त्याच्याकडे येणाऱ्या चौपदरी ध्वनिफितींत सामान्यतः एका पदरावर संपूर्ण ड्रमसंच, दुसऱ्यावर बास गिटार, तिसऱ्यावर इतर वाद्ये व चौथ्यावर गायन असे. स्नेअर ड्रम स्वतंत्र पदरावर नसल्याने तो एकटा उचलणे शक्य नव्हते. टबीने त्यावर दोन उपाय योजिले. पहिला, खालच्या कंप्रता टप्प्याटप्प्याने गाळून टाकणाऱ्या गाळणीचा. ती फिरविली की बास ड्रम विरत जाई आणि स्नेअर ड्रम व झांजा तेवढ्या वर तरंगत. दुसरा उपाय क्षणाचा. स्नेअर ड्रमचा आघात होताच, केवळ तेवढ्याच निमिषासाठी ड्रमचा पदर अनुरणनयंत्राकडे सोडून लगेच बंद करावयाचा. मूळ आघात कोरडा व उंच असल्यामुळेच हे जमे. आस लांब असती, तर अनुरणन चिखलासारखे पसरले असते.

यासाठी वापरलेले अनुरणनयंत्र कमानींचे होते. त्यात विद्युत् संकेत पोलादी कमानींतून पाठविला जातो. कमानींतील परावर्तनांमुळे आघाताला धातूचा झणकार असलेली शेपटी लाभते. त्याच्या जोडीला फितीचा प्रतिध्वनी असे. लेखनशीर्ष व वाचनशीर्ष यांतील अंतर भागिले फितीची गती, इतक्या कालावधीने आवाज पुन्हा ऐकू येतो. उदा., फितीची गती सेकंदास १९ सेंमी. व अंतर ७·६ सेंमी. असल्यास ०·४ सेकंदाने पुनरावृत्ती होते. मिनिटास १५० मात्रांच्या लयीत हा काळ बरोबर एका मात्रेइतका असतो. म्हणजे तिसऱ्या मात्रेवरील स्नेअर ड्रमचा प्रतिध्वनी चौथ्या मात्रेवर, गिटारच्या झणत्काराशी जुळून येतो. ऑगस्टस पाब्लो याचा ‘किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन’ हा १९७६ चा संग्रह या पद्धतीचा उत्कृष्ट नमुना मानला जातो.

प्रमुख वादक : वेलर्स या वाद्यवृंदाचा कार्लटन बॅरेट (१९५०–८७) याने वन ड्रॉपला जगभर ओळख मिळवून दिली. उंच जुळविलेला स्नेअर ड्रम, हाय-हॅटवरील तिगुणी झोक आणि गीतारंभीची नेमकी भरी ही त्याची वैशिष्ट्ये. बॉब मार्ली व वेलर्स यांच्या १९७९ च्या ‘सर्व्हायव्हल’ या संग्रहातील एका गीताचे नावच ‘वन ड्रॉप’ असे आहे. विन्स्टन ग्रेनन (१९४४–२०००) हा या रचनेच्या आद्य वादकांपैकी एक. अमेरिकन गायक पॉल सायमन याच्या १९७२ मधील, किंग्स्टन येथे मुद्रित झालेल्या ‘मदर अँड चाइल्ड रीयुनियन’ या गीतात त्याचे वादन आहे. कार्लटन ‘सांता’ डेव्हिस याचे नाव फ्लाइंग सिंबलशी निगडित आहे. लेरॉय वॉलेस या वादकाने १९७८ च्या ‘रॉकर्स’ या चित्रपटात ड्रमवादकाचीच प्रमुख भूमिका केली. स्लाय डनबार याने बासवादक रॉबी शेक्सपिअर (१९५३–२०२१) याच्या साथीने चॅनल वनमध्ये स्नेअर ड्रमच्या जोडठोक्यांचा आग्रही ढंग रूढ केला. मायटी डायमंड्स यांचा १९७६ मधील ‘राइट टाइम’ हा संग्रह त्याचे उदाहरण होय. १९८० नंतर रूट्स रॅडिक्सच्या स्टाइल स्कॉट (१९५६–२०१४) याने लय आणखी संथ करून रिम-शॉटला वजन दिले. जमेकाबाहेर द पोलिस या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या स्टुअर्ट कोपलंड याने उंच जुळविलेला स्नेअर ड्रम व रेगेची लय रॉक संगीतात आणली.

इलेक्ट्रॉनीय व अंकीय ध्वनी : १९८० च्या सुमारास डनबारने ध्वनिक ड्रमसंचास इलेक्ट्रॉनीय ड्रमची जोड दिली. १९८५ मध्ये वेन स्मिथ याचे ‘अंडर मी स्लेंग टेंग’ हे गीत निघाले. त्याची तालरचना कॅसिओ एमटी-४० या लहान इलेक्ट्रॉनीय वाद्यातील तयार नमुन्यावर बेतलेली होती. त्याच्या यशानंतर जमेकातील ध्वनिमुद्रणगृहांतून ड्रमवादकांचे काम झपाट्याने कमी झाले. गतकालीन स्नेअर ड्रमच्या आघातांचे अंकीय नमुने आता सर्वत्र उपलब्ध आहेत. नमुन्यातील नाद अस्सल असू शकतो. परंतु प्रत्येक आघात तंतोतंत सारखा उमटल्यास वादन निर्जीव वाटते. कड्यावरील काठीच्या जागेत व जोरात होणारा सूक्ष्म फरक आणि ठोका किंचित रेंगाळत देण्याची लकब ही नमुन्यात साठविता येत नाही.

श्रेय व स्वामित्व : हा नाद घडविणाऱ्या वादकांना बहुधा प्रत्येक गीतामागे ठराविक मोबदला मिळे, पुढील विक्रीत त्यांचा वाटा नसे. एकदा मुद्रित झालेली तालरचना जमेकात ‘रिडिम’ म्हणून ओळखली जाते व तिच्यावर अनेक गायकांची निरनिराळी गीते रचली जातात. त्यामुळे एका दुपारी वाजविलेला स्नेअर ड्रम पुढे शेकडो ध्वनिमुद्रिकांतून ऐकू येऊ शकतो. बासवादक ॲस्टन बॅरेट याने स्वतःच्या व दिवंगत बंधू कार्लटनच्या वतीने स्वामित्वधनासाठी केलेला दावा लंडनच्या उच्च न्यायालयाने २००६ मध्ये फेटाळला. ड्रमवादक क्लीव्हलंड ब्राउन व विक्लिफ जॉन्सन यांच्या १९८९ मधील ‘फिश मार्केट’ या वाद्यरचनेतील तालाचा लॅटिन अमेरिकी गीतांत विनापरवाना वापर झाल्याचा दावा २०२१ मध्ये अमेरिकेत दाखल झाला. स्वर व शब्द यांवरील स्वामित्व कायद्याने फार पूर्वीच मान्य केले आहे. ठोक्यांच्या क्रमावर व ड्रमच्या नादावर कोणाचा अधिकार, हा प्रश्न या दाव्यांनी पुढे आणला. ऐकणारा ज्या आघातावरून रेगे ओळखतो, त्याच्या कर्त्याचे नाव ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर पुष्कळदा छापलेले नसे, ही वस्तुस्थिती त्या संदर्भात लक्षणीय ठरते. जमेकाच्या रेगे संगीतास युनेस्कोने २०१८ मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत स्थान दिले.